व्हॅल्यूएरर पुरे की स्वतःचा एक्सेप्शन क्लास हवा?

पायथॉनमध्ये थोडा हात बसला की दोनातली एक सवय लागतेच. एकतर जिथे तिथे व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची आहे असं सांगणारी पायथॉनची तयार एरर) फेकायचा आणि पुढे लांबलचक मेसेज, नाहीतर प्रत्येक फंक्शनला नवा एक्सेप्शन क्लास, म्हणजे एररचा स्वतःचा प्रकार, मग एररच्या फाइलमध्ये क्लासचा ढीग साचतो आणि त्यातले निम्मे कोणी कुठे पकडतच नाही. दोन्हीकडे प्रोग्राम थांबतो, ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आली त्याची यादी) येतो, म्हणून फरक कळत नाही. माझ्या मते बघायचं एवढंच, की ही एरर पकडणारा कोड काही वेगळं करणार आहे का?

समजा खात्यातून पैसे काढायचं फंक्शन आहे. कोणी रक्कम उणे 500 पाठवली तर तो सरळसरळ बग, तो सावरायचा नाही, जाऊन दुरुस्त करायचा, तिथे व्हॅल्यूएरर पुरे. रकमेच्या जागी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आली तर टाइपएरर (प्रकारच चुकीचा), विषय संपला.

पण खात्यात 300 आहेत आणि काढायचेत 500, हा बग नाहीये, हे रोज होणार, आणि हे फंक्शन बोलावणाऱ्या वरच्या कोडला युजरला सांगायचंय की 200 कमी पडतायत. इथे स्वतःचा क्लास कराच, आणि कमी पडलेली रक्कम त्यातच अ‍ॅट्रिब्यूट (एररसोबत जाणारी माहिती) म्हणून ठेवा. इथेही व्हॅल्यूएररच फेकला तर वरचा कोड लिहिणारा माणूस तोच पकडणार, मग आत कुठेतरी स्ट्रिंगचा आकडा करताना फसलेली एररसुद्धा त्यातच सापडते आणि भरलेल्या खात्यालाही "शिल्लक कमी" दिसतं. नाहीतर तो मेसेजमधले शब्द तपासत बसतो, आणि कोणी मेसेजचं स्पेलिंग सुधारलं की सगळं बंद.

खुद्द पायथॉननेही हे भोगलंय. आधी फाइल सापडली नाही काय किंवा परवानगी नाही काय, आयओएररच यायचा आणि आतला एररनो (चुकीचा कोड नंबर) बघून ओळखायचं. 2012 च्या 3.3 मध्ये फाइलनॉटफाउंडएरर, परमिशनएरर असे वेगळे क्लास आले, पण ओएसएररचे सबक्लास (त्याच्याखालचे उपप्रकार, ओएसएरर पकडला की हेही पकडले जातात) म्हणून, आणि आयओएरर हे त्याचंच दुसरं नाव केलं, त्यामुळे जुना कोड चालत राहिला. 3.5 मधला जेसनडिकोडएररही (जेसन या डेटा फॉरमॅटचा मजकूर वाचताना येणारी एरर) तसाच, व्हॅल्यूएररचा सबक्लास, वर चूक कुठल्या ओळीत आणि कॉलममध्ये तेही सांगतो. म्हणजे हे किंवा ते असं नाहीच, नवा क्लास बिल्ट-इन, म्हणजे पायथॉनच्या तयार क्लासखाली ठेवता येतो.

लायब्ररी लिहिताय तर एक बेस क्लास द्याच, ज्याखाली तिच्या सगळ्या एरर येतील. वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीमध्ये रिक्वेस्टएक्सेप्शन आहे, त्याखाली टाइमआउट, म्हणून ज्याला फक्त टाइमआउटला परत ट्राय करायचंय तो तेवढंच पकडतो, बाकीचे बेस क्लास पकडून सगळं एकदम.

आणि क्लास एक्सेप्शनवरूनच काढा, बेसएक्सेप्शनवरून नको, कारण कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा कीबोर्डइंटरप्ट तिथे बसतो, आणि साध्या एरर पकडणाऱ्या कोडच्या हातून तो मुद्दाम सुटलेला असतो, तुमचाही तसाच सुटेल.