आधी दारू सोडा, मगच गटात या?

‘दारू पूर्ण सुटल्याशिवाय मदतगटात घेत नाहीत’ हा समज अनेक वर्षे फिरतो आहे. मदतगट म्हणजे दारू सोडू पाहणारे लोक एकत्र येऊन एकमेकांना आधार देतात तो गट. वास्तविक अशा बहुतेक गटांची अट दारू सोडण्याची इच्छा एवढीच असते. पूर्ण नाव सांगण्याची सक्ती सहसा नसते आणि नवख्याने मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकले तरी चालते. खात्रीसाठी जवळच्या गटाला फोन करून सभा खुली आहे की केवळ व्यसनग्रस्तांसाठी, एवढे विचारावे. खुल्या सभेला नातेवाइकांनाही बसता येते. उलट, रोज भरपूर पिणाऱ्याने गटात जाण्यासाठी म्हणून घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणेच धोक्याचे, कारण पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दारू बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. गटात मात्र आजही जाता येईल.