पाइ कॅनियन

उत्तर थायलंडच्या मे हाँग सोन प्रांतातील मातीची घळई. स्थानिक नाव काँग लान. पाइ गावाच्या दक्षिणेला सुमारे ८ किमी. अंतरावर, चिआंग मायकडे जाणाऱ्या १०९५ क्रमांकाच्या रस्त्यालगत ती आहे. चिआंग माय ते पाइ या घाटरस्त्याला ७६२ वळणे असल्याचे सांगतात.

कॅनियन म्हटले की नदीने कातळात खोल कोरलेली दरी डोळ्यांपुढे येते. येथे मोठी नदी नाही आणि अभंग कातळही नाही. वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचे अर्धवट घट्ट झालेले थर पावसाच्या पाण्याने चिरत गेले. शेजारशेजारच्या घळी रुंदावत एकमेकींकडे सरकल्या आणि मधे उरल्या त्या तांबूस मातीच्या अरुंद धारा, म्हणजे दोन घळींमधले चिंचोळे माथे. दृश्य घळईचे असले, तरी जडणघडण चंबळ नदीकाठच्या बीहडाला, म्हणजे पावसाने चिरलेल्या मातीच्या घळींच्या प्रदेशाला, जवळची आहे. उतारांवर पाइन आणि पानगळीची झाडे आहेत.

वाहनतळापासून पायऱ्या चढून गेले की पहिला रुंद सपाट माथा लागतो. बरेच जण तेथूनच सूर्यास्त पाहून परततात. पण या जागेचे खरे वैशिष्ट्य पुढच्या धारांवर चालण्यात आहे. काही ठिकाणी जेमतेम एक पाऊल मावते, दोन्ही बाजूंना सरळ उतार असतो आणि कठडा नसतो. समोरून कोणी आले, तर एकाने रुंद जागी थांबून वाट द्यावी लागते. मधेच धार तुटते. तेथे बसून, हात टेकत खाली उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. सह्याद्रीत फिरलेल्यांनी एक फरक आवर्जून ध्यानात ठेवावा : बेसाल्टच्या खाचेत बोटे रुतवून तोल सावरता येतो, येथे मूठभर माती हातात येते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा, थंड काळ चांगला. मार्चच्या सुमारास शेते आणि रान जाळल्याचा धूर साऱ्या खोऱ्यात साचतो व लांबचे डोंगर दिसेनासे होतात. पावसाळ्यात धारा निसरड्या होतात; तेव्हा पहिल्या माथ्यापलीकडे जाऊच नये. सूर्यास्ताला गर्दी होते आणि परतताना अंधार गाठतो, म्हणून धारेवर चालायचे असेल त्याने सकाळच निवडावी. पायांत चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

चालावे ते मळलेल्या वाटेच्या मधोमध. कडेची माती पावसाने आतून पोखरलेली असू शकते. काठावरच्या झाडांची मुळे जेथे उघडी पडून अधांतरी लोंबतात, तेथली जमीन आधीच वाहून गेलेली असते.