फोटोची दुरुस्ती आणि फोटोचं जतन

आमच्याकडे पणजोबांचा एक फोटो आहे. पागोटं, काळा कोट, शेजारी वेताची खुर्ची. कोपरा फाटला म्हणून वडिलांनी तो फ्रेम करायला दिला. दुकानदारानं हार्डबोर्डवर डिंकानं घट्ट चिकटवून काच बसवली. फोटो झकास दिसू लागला. पुढं एकदा आत्या म्हणाली, "मागं शाईनं लिहिलेलं होतं की रे, 'मार्शल लॉच्या साली' म्हणून. ते कुठाय?"

ते आता डिंकाखाली आहे. आपल्या सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला मे १९३० मध्ये. त्या वेळच्या स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. फोटोचं साल सांगणारी तेवढीच एक ओळ होती, ती आमच्याच हातून गेली.

वडिलांनी केली ती दुरुस्ती. तिच्यात वस्तू आज नीट दिसावी एवढंच बघतात. रोज पांघरायची चादर रफू करावी, त्यात काहीच चूक नाही. जतन करणारा मात्र आधी विचारतो, मी केलेलं उद्या कुणाला काढता येईल का? लॅमिनेशन काढता येत नाही, गरम प्लास्टिक कागदाला कायमचं धरतं. सेलोटेपचा चिकट थर पिवळा पडून कागदात मुरतो. जाणकार पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीनं लावतात, कारण ओलावा दिला की तो सुटतो. घरी तेही करू नये. फाटलेला तुकडा फोटोबरोबर पाकिटात ठेवला तरी पुरे.

आपल्याकडे जुन्या कागदपत्रांचं दप्तर रुमालात बांधायची चाल होती. ती आजही उपयोगी आहे, फक्त सुती कापड नवं असेल तर आधी धुऊन खळ काढा. विणकरांच्या गावात हे वेगळं सांगायला नको, पण कसर खळ खायलाच येते. गाठोडं पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. आपल्या मे महिन्यात तिथं कागद भाजून निघतो, ठिसूळ होतो. फोटोमागं लिहायचं तर कडेला, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो.

बोर्ड खरवडून ओळ शोधायचा मोह मला फार झाला. नाही केलं. आत्याला पुन्हा विचारलं, तिचेच शब्द कागदावर उतरवले, खाली तिचं नाव, सांगितल्याची तारीख, आणि 'ही ओळ मी स्वतः पाहिलेली नाही' असंही लिहिलं. तो कागद पाकिटात घालून फ्रेमच्या मागं दोऱ्यानं बांधला आहे.