रक्तपेढीची बारावी अट

ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) यांनी रक्तदात्यांच्या निवडीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. कुणालाही पटतील अशा या अटी आहेत. याच यादीत बाराव्या क्रमांकावर लिहिलं आहे की एचआयव्ही, हेपॅटायटिस बी किंवा सी यांचा 'धोका असलेली' व्यक्ती दाता नसावी. धोका कुणाला, तेही कंसात सांगून टाकलं आहे: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, नशेची इंजेक्शनं घेणारे, अनेक जोडीदार असलेले. पुढे ५१ व्या क्रमांकावर या सगळ्यांना कायमचं बाद करायला सांगितलं आहे.

ही यादी घाईने वाचली तर लक्षात येणार नाही, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. 'अनेक जोडीदार' हे वागण्याचं वर्णन झालं. 'पारलिंगी' हे माणसाचं वर्णन झालं. वीस वर्षं एकाच जोडीदारासोबत राहणारा, दोघांचीही तपासणी झालेला समलिंगी पुरुष या नियमानुसार मरेपर्यंत रक्त देऊ शकत नाही. पारलिंगी व्यक्तीचा तर आयुष्यात कुणाशी संबंध आलेला नसला तरी ती बाद. ही अट भारतात लिहिली गेली असली तरी तिची मुळं इथली नाहीत. ती चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत आहेत, आणि तिथे ती का रुजली हे समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी रागाने बोलण्यात अर्थ नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांची नोंद आली. पाचही समलिंगी, पाचही जणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया. पुढच्या वर्षी काही डॉक्टर या आजाराला चक्क 'समलैंगिकांशी निगडित प्रतिकारशक्तीचा अभाव' अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. विषाणू अजून कुणी पाहिलेला नव्हता, त्याआधीच रोगाला माणसांचं नाव चिकटलं. सप्टेंबर १९८२ मध्ये अधिकृतपणे 'एड्स' हा शब्द आला, पण तोवर लोकांच्या डोक्यात पहिलं नाव पक्कं बसलं होतं. ते तिथून अजून पुरतं गेलेलं नाही.

त्याच १९८२ च्या जुलैमध्ये हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, तीन रुग्णांना हा आजार झाल्याचं नोंदलं गेलं. डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका तान्ह्या मुलाची नोंद आली, त्याला अनेकदा रक्त चढवलेलं होतं. आजार रक्तातून पसरतो, याची शंका आता खात्रीकडे झुकली. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणाऱ्या घटकाची जी पावडर टोचत, ती हजारो दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून बनवलेली असे. त्या हजारांत एक जण बाधित असला तरी सगळा साठा बाधित. शिवाय अमेरिकेत हा प्लाझ्मा पैसे देऊन घेतला जाई, तुरुंगातल्या कैद्यांकडूनही. हिमोफिलिया असलेल्या पोरांच्या आईबापांनी जे औषध जीव वाचवतं म्हणून स्वतःच्या हाताने टोचलं, त्यातूनच मृत्यू घरात आला. या विषयावर लिहिताना हे दुःख बाजूला सारून पुढे जाता येत नाही, मला तरी नाही.

जानेवारी १९८३ मध्ये अटलांटात बैठक झाली. रोगनियंत्रण केंद्राचे डॉन फ्रान्सिस टेबलावर मूठ आपटून विचारत होते, अजून किती माणसं मरायला हवीत? एड्सची चाचणी नव्हती, म्हणून निदान हेपॅटायटिस बी ची एक चाचणी सगळ्या रक्तावर करा, त्यातून बरेचसे बाधित दाते गळतील, असा प्रस्ताव होता. रक्तपेढ्यांना खर्च आणि दाते कमी होण्याची भीती वाटत होती. समलिंगी संघटनांना आपल्यावर कायमचा शिक्का बसेल ही भीती होती, आणि ती भीती खरी ठरली. मार्चमध्ये अमेरिकी सरकारने धोका असलेल्या गटांनी रक्तदान टाळावं अशी शिफारस केली. या गटांना तेव्हा इंग्रजी आद्याक्षरावरून 'चार एच' म्हणत: होमोसेक्शुअल, हिमोफिलियाक, हेरॉईन घेणारे आणि हैतीचे लोक. हैती हा एक अख्खा देश, आणि तोही या यादीत.

मी स्वतः त्या १९८३ च्या निर्णयाला दोष देणार नाही. हातात चाचणी नव्हती, विषाणूचा पत्ता नव्हता, माणसं मरत होती. अशा वेळी जाळं मोठं टाकावं लागतं. त्याच वर्षी सॅन दिएगोत लेस्बियन स्त्रियांनी 'ब्लड सिस्टर्स' या नावाने रक्तदान शिबिरं भरवायला सुरुवात केली. त्यांच्या समलिंगी मित्रांना रक्त लागत होतं आणि ते एकमेकांना देऊ शकत नव्हते, म्हणून.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंताग्निये यांच्या गटाने १९८३ मध्ये एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, वेगळा केला. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत रक्तातल्या एचआयव्हीच्या पहिल्या चाचणीला, एलायझाला, परवानगी मिळाली. खरं तर इथून नियम हळूहळू सैल व्हायला हवे होते. झालं उलटं. १९७७ नंतर एकदाही पुरुषाशी संबंध आलेल्या पुरुषाने रक्त देऊ नये, असा नियम १९८५ मध्येच पक्का झाला. तात्पुरतं कुंपण होतं, त्याची भिंत झाली. फ्रान्समध्ये दूषित रक्तघटक माहीत असूनही वाटले गेले, त्या प्रकरणात पुढे अधिकारी तुरुंगात गेले आणि माजी पंतप्रधानांवरही खटला चालला. त्या धसक्याने जगभरच्या रक्तपेढ्यांना सैल होण्यापेक्षा घट्ट राहणं सुरक्षित वाटू लागलं. हैतीच्या लोकांचं नाव मात्र निघालं. एप्रिल १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून त्यांनी हजारोंच्या संख्येने मोर्चा नेला आणि वर्ष संपायच्या आत बंदी उठली. रस्त्यावर उतरून 'हो, मी तोच आहे' असं म्हणणं हैतीच्या माणसाला शक्य होतं. ज्याच्या घरीही ठाऊक नाही, त्याने कुठल्या पुलावर उभं राहायचं?

आता आपल्याकडे. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करायला सांगितलं. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी एड्सवर जी संस्था काढली तिला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं, नाव दिलं. निर्मला ते नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेली, कारण चाचणीची सोय तिथे होती. सहा नमुने बाधित निघाले. भारतातलं एचआयव्हीचं ते पहिलं निदान. तोवर 'हा परदेशी लोकांचा रोग, आपल्या संस्कृतीत येणार नाही' असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते.

इथे थोडं थांबून पाहावं. आपल्या देशात विषाणू पहिल्यांदा सापडला तो स्त्रियांच्या रक्तात. त्यानंतरही नॅकोच्या नोंदींत ८० टक्क्यांहून अधिक संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतूनच झालेले दिसतात. तरीही 'समलिंगी म्हणजे एड्स' हे समीकरण आपण अमेरिकेकडून तयार उचललं. रोगाचा इतिहास तिथला वेगळा, आपला वेगळा, पण शिक्का एकच.

गोव्यात तर रक्तदानानेच एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं. डॉमिनिक डिसोझा हा म्हापशाच्या परिसरातला तरुण, नेमाने रक्त देणारा. त्याने दिलेलं रक्त तपासलं गेलं आणि तो बाधित निघाला. त्याला नीट बसवून हे कुणी सांगितलं नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात कोंडलं, ६४ दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद करून ठेवलेली होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. वकील होते आनंद ग्रोव्हर. न्यायालयाने कायद्यातली ती तरतूद वैधच ठरवली, पण या लढाईमुळे बाधितांना कोंडण्याची सक्ती कायद्यातून गेली. डॉमिनिकची नोकरीही गेली. त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करायला घेतली आणि १९९२ च्या मे महिन्यात तो गेला. रक्त देणारा माणूस, ज्याला आपण एरवी पुष्पगुच्छ आणि प्रमाणपत्र देतो, तो एका चाचणीनंतर कैदी झाला.

त्या वर्षांत भारतातलं रक्त खरोखरच असुरक्षित होतं. कारण वेगळं होतं, रक्ताचा बाजार. गरीब, कुपोषित माणसं थोड्या पैशांसाठी पुन्हा पुन्हा रक्त विकत, कित्येक रक्तपेढ्या विनापरवाना चालत, चाचण्या धड होत नसत. १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली, पण कागदावरची सक्ती आणि रेफ्रिजरेटरमधली पिशवी यांत अंतर होतं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा जन्मल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. आज महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मांडवापासून कारखान्याच्या आवारापर्यंत जी शिबिरं भरतात, त्या ऐच्छिक रक्तदानाच्या चळवळीला खरं बळ या निकालानंतर आलं.

मग बंदीच्या बाजूने आज काय सांगितलं जातं? मुद्दा आहे तो 'विंडो पिरियड'चा. संसर्ग झाल्यानंतर काही दिवस विषाणू रक्तात असतो, पण चाचणीत दिसत नाही. अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं) शोधणाऱ्या जुन्या चाचण्यांत हा काळ कित्येक आठवड्यांचा होता. आताच्या चौथ्या पिढीच्या एलायझात तो साधारण दोन-तीन आठवड्यांवर आला आहे, आणि विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणाऱ्या नॅट चाचणीत सुमारे दहा-अकरा दिवसांवर. नॅट आपल्याकडे सक्तीची नाही, अनेक रक्तपेढ्यांना ती परवडत नाही. म्हणून दात्याला प्रश्न विचारणं आवश्यकच आहे, यात वाद नाही. पण विंडो पिरियड दिवसांत मोजला जातो आणि बंदी आयुष्यभराची आहे. या दोन मापांचा मेळ कुणी घालून दाखवलेला नाही.

केंद्राने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या गटांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण इतरांपेक्षा ६ ते १३ पट आहे. आकडा खोटा नाही. मात्र तो गटाचा आकडा आहे, समोर बसलेल्या माणसाचा नव्हे. दुसरं असं, की ज्याला खरं सांगितल्यावर अपमान होणार हे माहीत आहे, तो फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळा होतो. ऑफिसच्या शिबिरात, सहकारी रांगेत मागे उभे असताना, 'मी रक्त देऊ शकत नाही' हे म्हणणंसुद्धा स्वतःविषयी काहीतरी उघड करणं असतं. तिसरं, बंदीमुळे इतरांना खोटा दिलासा मिळतो. लग्न झालेला, बाहेर संबंध असलेला पुरुष हा प्रश्न आपल्यासाठी नाहीच असं समजून खुशाल आडवा होतो.

गैरसमज दोन्हीकडून आहेत, तेही सांगायला हवेत. रक्त दिल्याने एचआयव्ही होत नाही, सुई आणि पिशवी प्रत्येकासाठी नवी असते. डासाने होत नाही. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध आहे. पण म्हणून त्याने रक्त द्यायचं नाही. अख्खी पिशवी थेट शिरेत जाते, तिथे हिशेब वेगळा. संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायची 'प्रेप' गोळी चालू असेल, तर चाचणीत विषाणू उशिरा दिसू शकतो, म्हणून तिथेही थांबावं लागतं. आणि फुकट एचआयव्ही चाचणी होईल म्हणून शिबिरात जाणं तर फार घातक. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात ती गोपनीय आणि मोफत होते, नॅकोची हेल्पलाईन १०९७ आहे.

बाकी जगाने काय केलं? इटलीने २००१ मध्येच गट सोडून प्रत्येकाच्या वागण्याकडे पाहायला सुरुवात केली. नंतरच्या अभ्यासात बाधित दात्यांमध्ये समलिंगी पुरुषांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. ब्रिटन आधी एक वर्षावर, मग तीन महिन्यांवर आला. १४ जून २०२१ पासून, जागतिक रक्तदाता दिनाच्या मुहूर्तावर, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच प्रश्न विचारले जातात: गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार, एकाहून जास्त जोडीदार, कोणत्या प्रकारचा संबंध. कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये हाच मार्ग धरला.

आपल्याकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली, सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ मधून समलैंगिकतेचा गुन्हा काढून टाकला. बारावी अट जागची हलली नाही. २०२१ मध्ये मणिपूरच्या पारलिंगी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी तिला आव्हान दिलं. कोविडच्या दिवसांत रक्ताची चणचण होती आणि आपल्याच माणसांना रक्त देता येत नव्हतं, ही त्यामागची वेदना. मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने केंद्राला विचारलं, की सगळ्याच पारलिंगी व्यक्तींवर आपण धोकादायक असा शिक्का मारतो आहोत का? अट मात्र न्यायालयाने रद्द केली नाही. तज्ज्ञांशी बोला, सुरक्षेला धक्का न लावता हा कलंक टाळता येतो का ते पाहा, असं सांगितलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झारखंडमधल्या चाईबासा इथे थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली किमान पाच मुलं एचआयव्ही बाधित असल्याचं उघड झालं. २०११ मध्ये जुनागढला अशी २३ मुलं निघाली होती. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. चाईबासाच्या मुलांना जे रक्त चढलं, ते बारावी अट लागू असतानाच्या काळातलं होतं.