माळ पडीक नसतो, माळढोकाला विचारा

माळढोकाचं एक जुनं नाव हूम. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी हवेने फुगवतो, ती लोंबत पार पायांपर्यंत येते. शेपूट पाठीवर उलटवून तो खोल, घुमणारा आवाज काढतो आणि तो अर्ध्या किलोमीटरवर पोचतो. नाव पडलं ते या आवाजावरून. पाऊण-एक मीटर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी जगातल्या सगळ्यांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. भारतात आता दीडशेच्या आसपासच उरलेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात.

शिकार हे एक कारण, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलं, तरी संख्या घटतच राहिली. माझ्या मते दोष आपल्या नजरेचा आहे. आपल्याला जंगल म्हटलं की झाडं दिसतात. कुसळी आणि पवन्या गवताचा उघडा माळ सरकारी कागदांवर ‘पडीक जमीन’ ठरतो. मग त्याचं भलं करायला कोणी तिथे झाडं लावतं, कोणी कालवा आणतं, कोणी कारखाना. माळढोकाला झाडं नकोच असतात. लांबवर दिसलं पाहिजे, शत्रू आधी कळला पाहिजे, या हिशोबाने तो जगतो. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि सुमारे २७ दिवस एकटीच उबवते. नराचा त्यात काही वाटा नसतो. त्या अंड्यावर कोल्हा, घोरपड, कावळा यांचा डोळा असतोच, आता मोकाट कुत्र्यांची भर पडली. वर्षाला एक अंडं, तेही टिकेल याची खात्री नाही. अशा पक्ष्याची संख्या एकदा घटली की सहज भरून येत नाही.

सोलापूरच्या नान्नजचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. १९७९ साली महाराष्ट्राने माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं, क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शहरं आली, बागायती शेतंही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आल्यावर शेतकऱ्यांना या पक्ष्याचा राग आला, तर त्यात नवल नाही. पुढे क्षेत्र छाटून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर भोवतालच्या जिराईत रानात ऊस शिरला होता. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात माळढोक किडे आणि दाणे टिपत फिरायचा. उसाच्या फडात तो पाऊल ठेवत नाही. आज नान्नजला माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते.

जैसलमेरकडे संकट वेगळं आहे: विजेच्या तारा. इतका मोठा पक्षी तारेला धडकतो तरी कसा, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर डोळ्यांच्या रचनेत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे आजूबाजूचं खूप दिसतं, पण समोरचा पट्टा अरुंद. आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदावर झालेल्या अभ्यासात आढळलं, की उडताना पक्ष्याने खाली बघायला मान थोडी कलवली तरी पुढची दिशा पूर्ण अंधारात जाते. लाखो वर्षं आभाळात आडवं काहीच नव्हतं, तेव्हा त्याचं काही अडलं नाही. तार दिसलीच, तरी एवढं जड शरीर ऐनवेळी वळत नाही.

त्या तारांतून बहुतांशी सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाहते, म्हणजे पर्यावरणाच्याच नावाने उभारलेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. मार्च २०२४मध्ये, एवढ्या मोठ्या प्रदेशात ते व्यवहार्य नाही असं म्हणत, आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान तारांवर फिरत्या, चमकत्या चकत्या लावतात. काही पक्षी वाचतात, सगळे नाहीत.

दुसरीकडे २०१९पासून जैसलमेरजवळच्या सम इथे वैज्ञानिक माळढोकाची पैदास करतात. रानातली अंडी उचलून यंत्रात उबवायची, पिल्लांना हाताने भरवायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्यासाठी रामदेवरा इथल्या दुसऱ्या पैदास केंद्रातल्या नराला बनावट मादीशी जुळायला शिकवावं लागलं आणि त्याचं वीर्य जवळपास २०० किलोमीटर गाडीने समला न्यावं लागलं. हाताने वाढलेली ही पिल्लं माणसाळतात, म्हणून त्यांना रानात सोडता येत नाही. सोडायचं आहे ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांना. त्या पिढ्यांसाठी वाळवंट राष्ट्रीय उद्यानात कुंपणं घालून सेवण गवत वाढू दिलं जातं आहे.