जनित्राच्या तक्त्यातले आकडे आले कुठून?

मोठं सिंक्रोनस जनित्र, म्हणजे ग्रिडच्या लयीत फिरून वीज बनवणारं यंत्र, ग्रिडला (वीजजाळ्याला) जोडायची वेळ आली की कारखान्याकडून त्याच्यासोबत एक तक्ता येतो. जेमतेम एक-दोन पानांचा. त्यात एक्स-डी आणि एक्स-क्यू असतात (यंत्राच्या दोन अक्षांवरचे रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा), त्यांची ट्रान्झियंट आणि सबट्रान्झियंट, म्हणजे झटक्यानंतरच्या थोड्या आणि अगदी थोड्या काळापुरती, रूपं असतात, काही टाइम कॉन्स्टंट (बदल किती वेळात ओसरतो ते आकडे) आणि इनर्शियाचा, म्हणजे फिरत्या भागाच्या जडत्वाचा, एच असतो. ग्रिडचा अभ्यास करणारे ते आकडे संगणकात भरतात, आणि पुढची कित्येक वर्षं ते यंत्र म्हणजे हे आकडेच. पण हा तक्ता कुणी एका बैठकीत लिहिलेला नाही. त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठेतरी यंत्र अनपेक्षित वागलं म्हणून आत आली आहे, आणि ती कशी आली हे माहीत असलं की त्या आकड्यावर किती विसंबायचं हेही कळतं.

पहिला प्रश्न फार साधा होता. दोन अल्टरनेटर (एसी जनित्रं) एकाच तारांवर एकत्र चालतील का? हेन्री वाइल्ड यांनी १८६८ मध्येच मँचेस्टरमध्ये सांगितलं होतं की जोडलेली यंत्रं एकमेकांना आपोआप एका चालीत आणतात. त्या निरीक्षणाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सुरुवातीच्या वीजकेंद्रांत प्रत्येक अल्टरनेटरचं सर्किट वेगळं ठेवायची पद्धत होती. जॉन हॉपकिन्सन यांनी हाच प्रश्न गणिताने सोडवला आणि १८८४ मध्ये इंग्लंडच्या साऊथ फोरलंड दीपगृहातल्या यंत्रांवर प्रयोग करून दाखवला. कारण समजायला अवघड नाही. एका यंत्राचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, जरा पुढे सरकला की त्याच्यावर जास्त भार येतो आणि तो मागे ओढला जातो. मागे पडलेल्याचा भार हलका होतो आणि तो पुढे येतो. दोघांमध्ये जणू अदृश्य स्प्रिंग असते.

पण स्प्रिंग म्हटली की हेलकावे आलेच. त्या काळी अल्टरनेटर फिरवणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा जोर प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होई. इंजिनाची ही लय आणि यंत्राच्या अदृश्य स्प्रिंगची लय जुळली की रोटर मागे-पुढे झुलायला लागे, दिवे उघडझाप करत, आणि झोके वाढत गेले तर यंत्र सिंक्रोनिझममधून, म्हणजे इतरांशी जुळलेल्या चालीतून, निसटे. याचं नाव हंटिंग. उपाय शोधला फ्रान्सच्या मोरिस लब्लाँ यांनी, १८९० च्या दशकात. रोटरवरच्या चुंबकीय पोलच्या तोंडाशी तांब्याच्या सळ्या बसवायच्या आणि त्यांची टोकं एकमेकांना जोडून टाकायची. रोटर ठरल्या चालीने फिरतो तोवर या सळ्या गप्प असतात. चाल चुकली की त्यांच्यात प्रवाह वाहू लागतो आणि चुकीला विरोध करतो. हेच डॅम्पर वाइंडिंग.

सिंक्रोनस मोटरला तर या सळ्यांनी नवं आयुष्य दिलं. ती स्वतःच्या बळावर सुरू होत नसे. आता डॅम्परच्या जोरावर ती इंडक्शन मोटरसारखी उठते आणि पूर्ण गतीच्या जवळ आली की फील्ड देऊन, म्हणजे रोटरच्या वाइंडिंगला डीसी प्रवाह देऊन, तिला सिंक्रोनिझममध्ये खेचता येतं. मात्र याची किंमत मोजावी लागते. सेलियंट (बाहेर आलेले) पोल असलेल्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सुरू होताना सरळ नसतो, तो स्लिपच्या (पुरवठ्याच्या लयीपेक्षा रोटर जितका मागे असतो त्याच्या) दुप्पट वारंवारतेने धडधडतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ही धडधड १०० हर्ट्झपासून सुरू होऊन मोटर गती घेईल तशी शून्याकडे उतरते. उतरताना वाटेत शाफ्टची स्वतःची पिळाची वारंवारता गाठली की कपलिंगवर नेहमीच्या कित्येक पट ताण येतो. मोठ्या कॉम्प्रेसरची किंवा मिलची मोटर निवडताना नुसता सरासरी टॉर्कचा आलेख पाहणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

इकडे कागदावरचं गणितही पुढे सरकत होतं. स्वित्झर्लंडमधल्या ओर्लिकॉनचे हान्स बेन-एशेनबुर्ग यांनी अख्खं यंत्र एका रिअ‍ॅक्टन्समागे बसवलेला व्होल्टेज म्हणून मांडलं. गोल रोटरला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पोल बाहेर आलेल्या रोटरला पडत नाही, कारण तिथे पोलच्या रेषेत हवेची फट लहान असते आणि दोन पोलांच्या मध्ये मोठी. आंद्रे ब्लोंडेल यांनी १८९९ मध्ये यावर तोडगा मांडला: स्टेटरच्या (यंत्राच्या स्थिर भागाच्या) चुंबकीय जोराचे दोन भाग करा, एक पोलच्या रेषेत आणि दुसरा त्याला काटकोनात, आणि दोघांना वेगवेगळे रिअ‍ॅक्टन्स द्या. तक्त्यातले डी आणि क्यू इथून आले. याच ब्लोंडेल यांनी त्याआधी, १८९३ मध्ये, बदलता प्रवाह डोळ्यांना दाखवणारा ऑसिलोग्राफ बनवला होता. माझ्या मते या शाखेत त्यांना जितकं श्रेय मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त द्यायला हवं. यंत्राचं वागणं मांडायची रीत त्यांनी दिली आणि ते वागणं बघायचं साधनही.

१९२० च्या दशकात प्रश्न बदलला. दूरच्या जलविद्युत केंद्रांतली वीज लांब तारांवरून शहरांकडे येऊ लागली आणि तारेवर शॉर्ट सर्किट झालं की अख्खी केंद्रं सिंक्रोनिझममधून बाहेर पडू लागली. विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९२० मध्ये याच विषयावर निबंध वाचला, १९२४ मध्ये एव्हन्स आणि बर्गव्हाल यांचे प्रयोग आले, १९२६ मध्ये एडिथ क्लार्क यांनी लांब लाइनच्या स्थैर्याचं विश्लेषण मांडलं. आता यंत्र शांत चालताना कसं असतं एवढं कळून भागत नव्हतं. झटका बसल्यावर पहिल्या सेकंदात ते काय करतं, हे हवं होतं. जनरल इलेक्ट्रिकमधले डोहर्टी आणि निकल यांनी १९२६ ते १९३० दरम्यान लेखमालाच लिहिली. मुख्य कल्पना अशी, की बंद वाइंडिंगमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) एका क्षणात बदलू शकत नाही. म्हणून शॉर्ट सर्किटच्या पहिल्या क्षणी फील्ड आणि डॅम्पर दोन्ही आपापला फ्लक्स धरून ठेवतात आणि यंत्राचा रिअ‍ॅक्टन्स फार लहान दिसतो. डॅम्पर काही सायकलमध्ये दमतो, फील्डला काही सेकंद लागतात. मोठ्या टर्बोजनित्राचा शांत अवस्थेतला एक्स-डी दीड ते दोन पर-युनिट (यंत्राच्या स्वतःच्या क्षमतेवरून ठरवलेल्या एककात) असेल, तर ट्रान्झियंट साधारण ०.२ ते ०.३ आणि सबट्रान्झियंट त्याहूनही कमी.

त्याच कंपनीतल्या, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये या सगळ्याला एका चौकटीत बसवलं. स्टेटरवरून पाहिलं तर रोटर फिरेल तसे इंडक्टन्स (ज्यांवरून रिअ‍ॅक्टन्स ठरतात) सतत बदलतात आणि समीकरणं सोडवणं अशक्यप्राय होतं. पार्क यांनी बघणाराच रोटरवर नेऊन बसवला. तिथून स्टेटरचे तीन प्रवाह रोटरच्या दोन अक्षांवरचे दोन प्रवाह आणि एक शून्य घटक असे दिसतात, आणि इंडक्टन्स स्थिर होतात. आजही ग्रिडच्या गतिमान अभ्यासाचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, जनित्राच्या पोटात हीच समीकरणं सापडतील. पार्क यांच्या मूळ मांडणीत चिन्हांचे आणि पर-युनिटचे काही संकेत असे होते की पुढे प्रत्येक पुस्तकाने आपापले संकेत लावले. दोन पुस्तकांतले आकडे एकत्र मिसळून बुचकळ्यात पडणारे विद्यार्थी आजही दिसतात.

समीकरणं मिळाली, पण आकडे यंत्राकडूनच काढावे लागतात. त्यासाठीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रांगडी चाचणी म्हणजे अचानक शॉर्ट सर्किट. यंत्र ग्रिडपासून सोडवायचं, पूर्ण गतीवर आणायचं, कमी व्होल्टेजपर्यंत फील्ड द्यायचं आणि ब्रेकरने तिन्ही टर्मिनल एकाच क्षणी जोडायचे. पायाला हादरा जाणवतो. कागदावर तीन फेजच्या तीन लाटा उमटतात आणि तीनही वेगळ्या दिसतात, एक वर सरकलेली, एक खाली, कारण ब्रेकर मिटला त्या क्षणी प्रत्येक फेज वेगळ्या ठिकाणी होती. आधी हा सरकलेला डीसी भाग वेगळा काढायचा. उरलेल्या लाटेच्या उंचीतून अखेरचा स्थिर प्रवाह वजा करायचा आणि बाकी लॉग कागदावर मांडायची. शेपटाकडचे बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे शून्य वेळेपर्यंत ओढली की ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स हाती येतो. सुरुवातीचे मोजके बिंदू मात्र रेषेच्या वर राहतात, आणि तेवढ्या फरकात सबट्रान्झियंट दडलेला असतो. पट्टी-पेन्सिलचं हे काम ज्याने एकदा हाताने केलंय त्याला तक्त्यातला आकडा कधीच नुसता आकडा वाटत नाही. पहिले तीन-चार बिंदू कसे वाचले यावर तो किती हलतो, हे त्याने पाहिलेलं असतं.

एक्स-क्यूसाठीची स्लिप चाचणी त्यामानाने सौम्य. फील्ड उघडी ठेवून रोटर सिंक्रोनस गतीहून किंचित वेगळ्या गतीने फिरवायचा आणि स्टेटरला थोडंसं व्होल्टेज द्यायचं. अ‍ॅमीटरचा काटा संथपणे वर-खाली झुलतो: पोल समोर आला की कमी, दोन पोलांमधली जागा आली की जास्त.

तक्त्यात पुढची भर पडली ती एक्साइटरमुळे, म्हणजे फील्डला प्रवाह पुरवणाऱ्या साधनामुळे. हा प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारा वेगवान व्होल्टेज रेग्युलेटर लावला की झटक्यानंतर यंत्र घट्ट धरून ठेवलं जातं, हे दिसत होतं. पण लांब लाइनवर जास्त भार असताना तेच रेग्युलेटर रोटरचे हेलकावे वाढवतात, हेही दिसू लागलं. हेफ्रॉन आणि फिलिप्स यांनी १९५२ मध्ये यासाठी सुटसुटीत मॉडेल मांडलं आणि १९६९ मध्ये डिमेलो आणि कॉनकॉर्डिया यांनी दुखणं नेमकं दाखवलं: रेग्युलेटर सिंक्रोनायझिंग टॉर्क वाढवतो, पण फील्डला लागणाऱ्या उशिरामुळे डॅम्पिंग टॉर्क कमी करतो, कधी शून्याच्याही खाली नेतो. उपाय म्हणून रोटरच्या गतीतला फरक रेग्युलेटरलाच कळवायचा. याला पॉवर सिस्टीम स्टॅबिलायझर म्हणतात.

रोटर म्हणजे एकसंध लोखंडी गोळा, हे गृहीतकही पुढे मोडलं. अमेरिकेतल्या नेवाडामधल्या मोहावे केंद्रात डिसेंबर १९७० आणि पुन्हा ऑक्टोबर १९७१ मध्ये शाफ्ट निकामी झाले. लाइनचा रिअ‍ॅक्टन्स कमी करण्यासाठी तिच्यात बसवलेले सिरीज कपॅसिटर आणि टर्बाइन-जनित्राच्या लांब शाफ्टचा पीळ एकमेकांना खतपाणी घालत होते. त्यानंतर तक्त्यात शाफ्टच्या प्रत्येक तुकड्याचा इनर्शिया आणि ताठपणा मागितला जाऊ लागला. टर्बोजनित्राचा भरीव पोलादी रोटर स्वतःच असंख्य डॅम्परसारखा वागतो, आणि एखाद-दुसऱ्या डॅम्परच्या मॉडेलमध्ये तो मावत नाही, ही जाणीवही याच काळात पक्की झाली. म्हणून थांबलेल्या यंत्रावरची फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स चाचणी आली. रोटर ठरावीक कोनात उभा करायचा, स्टेटरला अगदी लहान प्रवाह द्यायचा आणि वारंवारता ०.००१ हर्ट्झपासून वर न्यायची. ०.००१ हर्ट्झची एक सायकल म्हणजे १००० सेकंद, जवळपास १७ मिनिटं. एका बिंदूसाठी इतका वेळ ताटकळायचं, पण यंत्राला हादरा नाही आणि क्यू अक्षाचीही माहिती मिळते.

एवढं सगळं असूनही १० ऑगस्ट १९९६ रोजी उत्तर अमेरिकेचं पश्चिमेकडचं ग्रिड तुटलं. कोलंबिया नदीवरच्या मॅकनॅरी केंद्रातली जनित्रं एक्साइटरच्या संरक्षणाने ट्रिप झाली, सुमारे पाव हर्ट्झचे हेलकावे वाढत गेले, ग्रिडचे चार तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. नंतर अभ्यासकांनी तीच घटना संगणकात चालवली, तेव्हा नेहमीच्या आकड्यांवर हेलकावे छान शमताना दिसले. प्रत्यक्षात ते वाढले होते. पार्क यांची समीकरणं चुकली नव्हती. भरलेले आकडे आणि नियंत्रणांची मॉडेलं त्या ग्रिडची राहिली नव्हती. कुठे एक्साइटर बदललेला, कुठे स्टॅबिलायझर बंद, कुठे गव्हर्नर (टर्बाइनची गती राखणारं नियंत्रण) कागदावर होता तसा चालतच नव्हता.

त्यानंतर त्या ग्रिडने जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन मॉडेल तपासणं सक्तीचं केलं. पुढे अमेरिकेच्या विश्वासार्हता मानकांत एक्साइटर आणि गव्हर्नर यांची मॉडेलं साधारण दर १० वर्षांनी पुन्हा पडताळायची अट आली. एक्साइटर बदलला तर त्याआधीच. आता ग्रिडवर झालेल्या खऱ्या झटक्याची नोंद घेऊन ती मॉडेलला ऐकवायची आणि त्याचं उत्तर यंत्राच्या उत्तरावर ठेवून बघायचं, अशीही रीत रुळली आहे. त्यासाठी यंत्र बंद करावं लागत नाही. जिथे दोन रेघा वेगळ्या होतात, तिथून तक्ता दुरुस्त करायला घ्यायचा.