वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ : मृत्युपत्रं आणि खरेदीखतांतून लागलेला माग

१७९१ च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना लंडनहून एक पत्र आलं. पाठवणारे होते सर आयझॅक हर्ड, गार्टर किंग ऑफ आर्म्स. इंग्लंडमधल्या मानकरी घराण्यांच्या वंशावळी आणि मानचिन्हं ज्यांच्या अखत्यारीत येतात, ते राजाचे प्रमुख अधिकारी. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्वज इंग्लंडमधल्या नेमक्या कोणत्या घरातले, हे त्यांना ठरवायचं होतं. २ मे १७९२ ला वॉशिंग्टन यांनी उत्तर लिहिलं. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, असं त्यांनी मोकळेपणानं कळवलं. सोबत माहिती दिली ती अशी : १६५७ च्या सुमारास जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ उत्तर इंग्लंडमधून आले आणि व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी ब्रिजेस क्रीकला स्थायिक झाले; ते कोणाचे वंशज, हे ठरवणारा एकही कागद आपल्याकडे नाही.

जॉन म्हणजे त्यांचे खापरपणजोबा नव्हेत, सख्खे पणजोबा. मधे जेमतेम दोन पिढ्या. तरीही घरात उरलेली आठवण एवढीच, आणि त्यातली ‘उत्तर इंग्लंड’ ही गोष्ट चुकीची निघाली. ती दुरुस्त व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. दुरुस्त केली ती मृत्युपत्रांनी, तीही बऱ्याचशा दुसऱ्याच माणसांच्या.

वसाहतकाळातल्या अमेरिकेत, त्यातही व्हर्जिनियात, वंशावळ शोधणारा माणूस शेवटी मृत्युपत्रं आणि जमिनीच्या दस्तांपाशी का येतो, हे आधी पाहू. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद व्हर्जिनियात १८५३ पासूनची. राष्ट्रीय जनगणना १७९० ला सुरू झाली, पण घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहायची पद्धत आली १८५० मध्ये. चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांची वही असे, पण अनेक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दींच्या, वह्या नाहीशा झाल्या आहेत. जमिनीचं मात्र वेगळं होतं. जमीन हीच सगळ्यात मोठी मालमत्ता. ती कोणाकडून कोणाकडे गेली याची नक्कल कौंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या वहीत उतरवून घेण्यात ज्याचा त्याचा स्वार्थ होता. आपल्याकडे वारसानं किंवा खरेदीनं जमीन आली की फेरफार धरतात, तसंच काहीसं. हे कागद लिहिणाऱ्या कोणालाही वंशावळ लिहायची नव्हती, आणि म्हणूनच मला ते कौटुंबिक आठवणींपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

वॉशिंग्टन मंडळींचं नशीब एका बाबतीत चांगलं. त्यांची वेस्टमोरलँड कौंटी १६५३ ला स्थापन झाली आणि तिचं दप्तर मोठ्या प्रमाणात टिकलं. इतर अनेक कौंट्यांचं तसं झालं नाही. यादवी युद्धात आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून काही कौंट्यांनी ते राजधानी रिचमंडला पाठवले, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडताना लागलेल्या आगीत ते खाक झाले. हॅनोव्हर कौंटीचे जुने कागद त्यातच गेले. तिथली घराणी शोधताना शेजारच्या कौंटीत कोणी केलेला एखादा व्यवहार किंवा एखादं साक्षीदाराचं नाव एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

जॉन वॉशिंग्टन व्हर्जिनियात आले ते ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या व्यापारी जहाजावर. १६५७ च्या आरंभी परतीच्या वाटेवर जहाज पोटोमॅकमध्ये रुतलं आणि जॉन तिथेच राहिले. नॅथॅनियल पोप या जमीनदाराच्या ॲन या मुलीशी त्यांचं लग्न झालं. सासऱ्यानं मॅटॉक्स क्रीकवरची ७०० एकर जमीन दिली. त्यांच्या लॉरेन्स या थोरल्या मुलाच्या, म्हणजे जॉर्ज यांच्या आजोबांच्या, जन्माचा काळ मात्र एका खटल्याच्या कागदात सापडतो. याच जहाजाचा मालक एडवर्ड प्रेस्कॉट याच्या दुसऱ्या एका जहाजावर एका बाईला चेटकीण ठरवून फाशी दिल्याची तक्रार जॉन यांनीच मेरीलँडच्या गव्हर्नरकडे केली होती. सुनावणी ऑक्टोबर १६५९ च्या सुरुवातीला लागली. ३० सप्टेंबरला जॉन यांनी कळवलं की मला येता येणार नाही, तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला आहे आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत. तक्रारदारच हजर नाही म्हणून प्रेस्कॉट सुटला. त्या बाईला न्याय मिळाला नाही, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

सप्टेंबर १६७५ मध्ये जॉन यांनी मृत्युपत्र केलं. त्यात बहीण मार्था हिला दहा पौंड आणि चार हजार पौंड वजनाची तंबाखू ठेवली, शिवाय तिच्या इंग्लंडहून येण्याचा खर्च आणि इथल्या पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याचे जे काही देणं निघेल ते माफ केलं. तंबाखू हेच तेव्हा तिथलं चलन. जॉन यांना मार्था नावाची बहीण होती आणि ती मागाहून आली, ही माहिती दुसरीकडे कुठे नव्हती. भाऊ लॉरेन्स यांचंही मृत्युपत्र त्याच महिन्यातलं. त्यांनी इंग्लंडमधली सगळी मालमत्ता मेरी या मुलीच्या नावे केली. त्यांची पहिली बायको बेडफर्डशरमधल्या ल्यूटनची होती. म्हणजे या घराचे धागे उत्तरेकडे नव्हे, लंडनच्या जवळपासच्या गावांकडे जात होते.

हर्ड यांच्यापाशी हे सगळे कागद नव्हते. नॉर्दम्प्टनशरमध्ये सल्ग्रेव्ह गावचं वॉशिंग्टन घराणं प्रसिद्ध होतं. मठांच्या जमिनी जप्त झाल्यावर १५३९ मध्ये लॉरेन्स वॉशिंग्टन या गृहस्थानं तिथली जहागीर राजाकडून विकत घेतली होती. त्या घराण्यात हर्ड यांना जॉन आणि लॉरेन्स अशी भावांची जोडी मिळाली आणि हेच दोघे अमेरिकेला गेले, असं त्यांनी जुळवलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं ही वंशावळ छापली जात राहिली. १८६६ मध्ये लंडनमध्ये राहणारे अमेरिकन संशोधक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी ती मोडीत काढली. हर्ड यांचे जॉन हे ‘सर’ किताब मिळालेले गृहस्थ, आणि लॉरेन्स हे धर्मगुरू. व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रांतली बायका-मुलं यांच्याशी जुळत नव्हती. नावं जुळली म्हणून माणसं जुळत नाहीत, हा या विद्येतला पहिला धडा, आणि राजाचा वंशावळ-अधिकारीही तिथेच फसला होता.

चेस्टर यांनी जुनं उत्तर पाडलं, पण नवं हाती लागलं नव्हतं. ते काढलं हेन्री वॉटर्स यांनी. हे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे. बॉस्टनमध्ये १८४५ साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीनं त्यांना १८८३ मध्ये इंग्लंडला पाठवलं. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये ठेवलेली मृत्युपत्रं ते वर्षानुवर्षं वाचत राहिले, आणि १८८९ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

त्यांच्या हाती दोन कागद महत्त्वाचे लागले. हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग गावची ॲम्फिलिस वॉशिंग्टन ही विधवा मृत्युपत्र न करता वारली, आणि तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायचा अधिकार ८ फेब्रुवारीला तिचा मुलगा जॉन याला मिळाला. कागदावर वर्ष आहे १६५५. पण इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे आपल्या हिशेबानं ते १६५६. हे ध्यानात घेतलं नाही तर सगळं वर्षभरानं सरकतं. फेब्रुवारी १६५६ ला ट्रिंगमध्ये असलेला जॉन वर्षभरानं पोटोमॅकवर असणं अगदी शक्य होतं.

दुसरा कागद म्हणजे त्याच गावच्या अँड्र्यू नोलिंग यांचं १६५० चं मृत्युपत्र. त्यांनी आपली जमीन धर्मपुत्र लॉरेन्स वॉशिंग्टन याला दिली, ॲम्फिलिसला पैसे ठेवले आणि तिच्या इतर मुलांची नावं घातली : जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. नोलिंग तिला ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणतात, पण सून म्हणून नव्हे. तिच्या विधवा आईशी त्यांनी लग्न केलं होतं, म्हणून ती त्यांची सावत्र मुलगी. त्या काळी हा शब्द दोन्ही अर्थांनी चाले. आता पाहा : जॉन, लॉरेन्स आणि मार्था अशी भावंडं एका घरात, तेही ल्यूटनपासून जवळच्याच गावात. पुढे व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड कौंटीत १६९७ चं मार्था हेवर्ड हिचं मृत्युपत्र मिळालं. हीच जॉन यांची बहीण मार्था. तिनं त्यात एलिझाबेथ आणि मार्गारेट या दोन बहिणींची आठवण ठेवली होती. नोलिंग यांच्या यादीतल्या तिन्ही बहिणींचा असा पत्ता लागला.

ॲम्फिलिसचा नवरा कोण? रेव्हरंड लॉरेन्स वॉशिंग्टन, ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचे फेलो आणि पुढे एसेक्समधल्या पर्ली गावचे धर्मगुरू. १६४३ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात, प्युरिटन पक्षानं त्यांना दारूच्या गुत्त्यांत जातात असा ठपका ठेवून पदावरून काढलं. कुटुंब देशोधडीला लागलं आणि मुलं समुद्रापार गेली. हे लॉरेन्स सल्ग्रेव्हच्याच घराण्यातले. हर्ड यांनी ज्या धर्मगुरूला अमेरिकेला पाठवलं होतं, तो खरा तर तिथे गेलेल्या भावांचा बाप. घराणं बरोबर, पिढी एकानं चुकलेली.

मग उत्तर इंग्लंडची आठवण आली कुठून? जॉर्ज यांचे आजोबा १६९८ मध्ये वारल्यावर आजीनं दुसरं लग्न केलं आणि ती मुलांना घेऊन इंग्लंडच्या उत्तरेकडे व्हाइटहेवनला गेली. तिथे ती वारली. मुलगा ऑगस्टिन, म्हणजे जॉर्ज यांचे वडील, ॲपलबीच्या शाळेत होता. मुलांना आणि मालमत्तेला परत आणण्यासाठी व्हर्जिनियातल्या चुलत चुलत्यानं दावा लावला, तेव्हा ती परतली. बापाच्या तोंडून ऐकलेल्या शाळेच्या गोष्टी पुढे घराण्याच्या मूळगावाला चिकटल्या असाव्यात, असा माझा तर्क.

जमिनीचे कागद याहून सलग गोष्ट सांगतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांची जागीर माउंट व्हर्नन, तिचंच घ्या. व्हर्जिनियात माणूस आणला की त्याच्या प्रवासखर्चाबद्दल डोई ५० एकर असा नियम होता. शंभर माणसांच्या हिशेबावर जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना १६७४ मध्ये लिटल हंटिंग क्रीकवर ५,००० एकर मिळाले. १६९० मध्ये वाटणी होऊन निम्मे वॉशिंग्टन घराकडे आले. जॉर्ज यांचे आजोबा लॉरेन्स यांनी १६९८ च्या मृत्युपत्रात ते मिल्ड्रेड या मुलीला दिले. १७२६ मध्ये मिल्ड्रेड आणि तिचा नवरा यांनी ते भाऊ ऑगस्टिन याला १८० पौंडांना विकले. ऑगस्टिनकडून ते थोरला मुलगा लॉरेन्स याच्याकडे आले आणि त्यानंच ॲडमिरल व्हर्ननच्या नावावरून जागेला नाव दिलं. लॉरेन्स १७५२ मध्ये वारला. मृत्युपत्रात बायकोला हयातीपुरता हक्क, पुढे लहान मुलगी, आणि ती निपुत्रिक गेली तर सावत्र भाऊ जॉर्ज. मुलगी दोन वर्षांत गेली. जॉर्ज यांनी भावजयीकडून जागा वर्षाला १५,००० पौंड तंबाखूच्या खंडानं घेतली आणि १७६१ मध्ये ती वारल्यावर मालक झाले. चार पिढ्या, दोन पुनर्विवाह, आते-भाच्यांची नाती, सगळं एका जमिनीच्या कागदांत आलं.

कागद वाचण्याच्या काही खुबी अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला, असा व्हर्जिनियाचा कायदा १७८५ पर्यंत होता. म्हणून कधीही विकत न घेतलेली जमीन एखादा विकताना दिसला तर तो आधीच्या मालकाचा थोरला मुलगा असण्याचा संभव मोठा. मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे मूल नव्हतं असंही नाही, कारण काहींना आधीच देऊन झालेलं असे. नवरा जमीन विकी तेव्हा विधवाहक्क (नवऱ्यामागे त्याच्या मालमत्तेत बायकोला मिळणारा वाटा) सोडायला तयार आहेस का, हे बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत. कितीतरी बायकांचं नाव आज आपल्याला त्या एका जबाबामुळे कळतं.

आणि याच मृत्युपत्रांत माणसंही वाटलेली आहेत. ऑगस्टिन यांच्या १७४३ च्या मृत्युपत्रानं अकरा वर्षांच्या जॉर्जला जमिनीबरोबर दहा गुलाम मिळाले. आई गुलाम तर मूलही गुलाम, असा कायदा व्हर्जिनियानं १६६२ मध्येच केला होता. त्यामुळे मालकाच्या मालमत्ता-याद्यांत गुलाम मुलांच्या नावापुढे बापापेक्षा आईचं नाव अधिक वेळा सापडतं. आफ्रिकन अमेरिकन घराण्यांना आपले पूर्वज शोधायला बहुतेक वेळा याच याद्या उघडाव्या लागतात. ज्यांनी माणसांना मालमत्ता मानलं त्यांच्याच हिशेबात आपल्या पणजीचं नाव शोधायचं, यात केवढी यातना आहे.

जुलै १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. महिनाभर आधी त्यांनी गुलामांची यादी केली होती : नाव, काम, नवरा किंवा बायको कोण आणि कुठल्या शेतावर. माउंट व्हर्ननवर तेव्हा ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या मालकीचे. त्यांना पत्नी मार्थाच्या पश्चात मुक्त करावं, असं त्यांनी लिहिलं. १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतले, तिच्या विधवाहक्काचे, आणि त्यांना मुक्त करायचा अधिकार दोघांनाही नव्हता. मार्थानं १ जानेवारी १८०१ ला पहिल्या गटाला मुक्त केलं. ती वारल्यावर दुसरा गट तिच्या नातवंडांत वाटला गेला. या दोन गटांत आपसांत लग्नं झालेली होती. नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम, अशी घरं त्या वाटणीत फुटली.

मार्थाच्या मृत्युपत्राचीही कथा आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्यानं ते माउंट व्हर्नन ज्या कौंटीत येतं त्या फेअरफॅक्सच्या कोर्टातून उचललं. पुढे ते धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात गेलं आणि व्हर्जिनियानं थेट सुप्रीम कोर्टात दावा लावल्यावर १९१५ मध्ये परत आलं. फेअरफॅक्सच्या त्याच कोर्टात मुक्त कृष्णवर्णीयांची नोंदवहीही आहे. व्हर्जिनियाच्या कायद्यानं त्यांना तिथे हजर होऊन नाव, वय आणि अंगावरच्या खुणा लिहून द्याव्या लागत. त्या वहीत १८३१ मधल्याही काही नोंदी अशा आहेत, की अमुक व्यक्ती जनरल वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रान्वये मुक्त. मार्थाच्या बाजूच्या माणसांना असा आधार नाही. त्यांचे वंशज शोधणाऱ्यांना तिच्या चार नातवंडांपैकी कोणाच्या वाट्याला कोण गेलं, तिथून पुढे एकेका घराचं दप्तर उघडावं लागतं.